पिवळा बोकड शोधताय? आधी हे तपासा

'सीडी घ्या की, गाणी तीच आहेत,' हा सल्ला नुसती गाणी ऐकणाऱ्यासाठी ठीक आहे. पण बाथरी या स्वीडिश मेटल बँडच्या पहिल्या अल्बमचा पिवळा बोकड, म्हणजे मुखपृष्ठावर पिवळा बोकड असलेली पहिली एलपी रेकॉर्ड, शोधणाऱ्याला तो सांगून उपयोग नाही! १९८४ साली बँडचा संस्थापक क्वॉर्थन याला मुखपृष्ठावरचा बोकड सोनेरी हवा होता. सोनेरी छपाई परवडेना, म्हणून जवळचा रंग सांगितला, आणि छापून आला भडक पिवळा. त्याला तो अजिबात आवडला नाही. पुढच्या आवृत्त्या काळ्या-पांढऱ्या निघाल्या. पिवळ्या प्रती साधारण १०००च. ज्या रंगावर तो वैतागला, त्याच रंगासाठी आता लोक खिसा रिकामा करतात, गंमतच आहे.

म्हणूनच नकलाही भरपूर. नुसत्या मुखपृष्ठाच्या फोटोवर जाऊ नका, पिवळा रंग कोणीही छापू शकतो. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी मोकळी पट्टी असते, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे प्रत कोणत्या आवृत्तीची ते ओळखायचा क्रमांक, कोरलेला असतो. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो मागवा आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. ओरखडेही त्याच फोटोत दिसतील. टाळाटाळ केली तर सरळ नाद सोडा.

आणि प्रतीच्या स्थितीसाठी 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) असा दर्जा लिहिला असेल, तर रेकॉर्ड वाजवून ठरवलंय की नुसतं बघून, हे विचाराच. हो, डिस्कॉग्जवर 'वाँटलिस्ट'मध्ये (हव्या असलेल्या रेकॉर्डच्या यादीत) टाकताना नेमकी तीच आवृत्ती निवडा, नाहीतर प्रत्येक रीइश्यूची सूचना येत राहील.