सहलीच्या फोटोंचा अल्बम करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, परवा सगळं घर एका दिवसाच्या सहलीला जाऊन आलो, जाम मजा आली, पण फोटो आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये विखुरलेत. ग्रुपवर टाकले की साईझ कमी होते आणि फोटो कधी, कुठे काढला ती माहितीही उडते, म्हणून सगळ्यांना सांगितलंय की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण बाबांना ते काही केल्या जमत नाहीये आणि नेमका त्यांच्याकडेच सगळ्यात भारी फोटो आहे, आई पाण्यात पाय सोडून बसलीये, चपला हातात, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. पोज दिलेले ग्रुप फोटो त्याच्यापुढे फिके (दादाचे डोळे तर प्रत्येकात मिटलेले).

मला ४ बाय ६ इंची प्रिंट काढायच्यात. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, तो प्रश्न नाही, पण लांबी-रुंदीचं प्रमाण मोबाईलच्या फोटोत ४:३ आणि प्रिंटमध्ये ३:२, त्यामुळे आडव्या फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी कापली जातात. तुम्ही स्वतः क्रॉप करून देता की पांढरी बॉर्डर ठेवता? आणि एकसारख्या ढीगभर फोटोंतून नेमका कुठला ठेवायचा, हे कसं ठरवता? शिवाय एक कॉपी हार्ड डिस्कवर ठेवणारे, बास का तेवढी की क्लाऊडवर पण टाकू?