स्पायरोमेट्री नॉर्मल, तरी दम का लागतो?
कोविडनंतर दम लागत असला, तरी स्पायरोमेट्री (जोरात फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) नॉर्मल म्हणजे फुप्फुसं ठणठणीत, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. त्यात हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते एवढंच कळतं. ऑक्सिजन रक्तात कितपत उतरतो हे डीएलसीओ चाचणीत दिसतं, आणि कोविडनंतर फुप्फुसांच्या चाचण्यांत बिघाड दिसलाच तर बहुधा तीच कमी येते. सोबत हिमोग्लोबिन तपासाच, ॲनिमियानेही डीएलसीओ घटते.

हालचालीने ऑक्सिजन उतरतो का, हे घरीही बघता येतं. बसल्याजागी ऑक्सिमीटर ९६ किंवा वर असेल तरच, कुणीतरी जवळ असताना, हात न टेकता खुर्चीतून १ मिनिट ऊठबस करा. थांबल्यावरही मिनिटभर आकडा बघत राहा; घसरण कधीकधी तेव्हाच दिसते. बोटं गार असली, नेलपॉलिश असलं तर आकडा फसवतो. ३ किंवा जास्त अंकांनी उतरला तर डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागून छातीत दुखलं तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा, फुप्फुसात रक्ताची गुठळी असू शकते.