जितोदाईचं घर: वाडा, गढी की नुसतंच घर?

वाटसरू
जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. तिथल्या कितानाकागुसुकु गावातलं नाकामुरा घराण्याचं घर, अठराव्या शतकाच्या मध्याचं. १९४५च्या लढाईतून वाचलं, १९७२ साली राष्ट्रीय वारसा झालं. घराणं 'जितोदाई'चं, म्हणजे एका मागिरीचा (परगणाच म्हणा) कारभार बघणाऱ्याचं. मी 'पाटलांचा वाडा' लिहिलं. संपादकांनी खोडून 'ग्रामाधिकारी निवासस्थान' केलं. मला तर सरकारी बंगल्याबाहेरची पाटी डोळ्यांसमोर येते. काय लिहू?

नानबा
पाटील नकोच. पाटील एका गावाचा, मागिरीत गावं अनेक. देशमुख लिहा.

चिमटा
देशमुख ऐकायला झकास. 'जितो'ची चिन्हंही भूमी आणि शिर अशीच आहेत, म्हणजे देश + मुख! पण खरा जितो तेव्हाच्या र्युक्यू राज्याच्या राजधानीत, शुरीला राहायचा. 'दाई' म्हणजे त्याच्या जागी काम करणारा. तेव्हा हा देशमुखाचा मुतालिक.

शुद्धमती
मुतालिक अरबी आहे. 'प्रतिनिधी' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

चिमटा
प्रतिनिधी म्हटलं की वाचक थेट औंधला पोचतो. आणि परगणा फारसी आहे, तो कसा चालला?

शुद्धमती
तोही चालला नाही. एका वेळी एकच भांडण.

पडवीकर
पदाचं राहू द्या, घराचं बोला. वाडा म्हटलं की दिंडी दरवाजा आणि देवडी हवी. इथे वाटेतच एक आडवी दगडी भिंत, हिनपुन. रस्त्यावरून आतलं दिसत नाही, शिवाय भूतबाधा सरळ चालते म्हणून तीही अडते. माणसांनी मात्र वळसा घालायचा: पुरुष उजवीकडून, बायका डावीकडून, स्वयंपाकघराच्या अंगाने. आमच्याकडे अशा भिंतीला 'पडदी' म्हणतात.

चिमटा
मंगलाष्टकं म्हणा, अंतरपाट आहे तो.

मावळतीचा
आमच्याकडे वाडा मेंढरांचा असतो, त्यामुळे मला यात काहीच खटकत नाही :)

नानबा
पण वाड्यात तोरा येतो, तो इथे नाही. जितोदाई सरदारवर्गातला नव्हे, रयतेतलाच. राज्याच्या नियमानुसार रयतेला कौलं घालायला मनाई होती, ती १८८९ साली उठली. आज फोटोत दिसणारी लाल कौलं मागाहूनची. आधी बांबूने शाकारलेलं छप्पर होतं. म्हणजे परगण्याचा कारभार हातात, पण डोक्यावर कौल नाही. त्यात अंगणाच्या कडेला स्वतंत्र 'आसागी' बांधलेली, कशासाठी, तर शुरीहून येणाऱ्या साहेबांची सरबराई करायला. असल्या माणसाच्या घराला गढी म्हणणं ही त्याची थट्टा आहे.

पडवीकर
मान्य. पण सगळ्या इमारती फरसबंद अंगणाभोवती आहेत. मुख्य घर, आसागी, गुरांची पडवी, खांबांवर उचललेलं धान्याचं कोठार. पुढच्या रुंद वळचणीला 'आमाहाजी' म्हणतात, ती तर आपली ओसरीच. ओसरी आहे तिथे वाडा म्हणायला काय हरकत?

शुद्धमती
ओसरी झोपडीलाही असते.

वाटसरू
उद्या मजकूर द्यायचाय हो. आणि 'फूर'चं काय करू? दगडी डुकरखाना आणि शौचकूप एकत्र.

मांडवीकाठ
यात अवघड काय? गोव्यात जुन्या घरांमागे हेच असायचं. लहानपणी आत जाताना हातात काठी लागायची, तपशील विचारू नका.

शुद्धमती
'वराहकूप' सुचवते.

चिमटा
अवतार आठवला. फूरच ठेवा, खाली टीप द्या.

मांडवीकाठ
त्या घराभोवती वादळवारा अडवायला लावलेली फुकुगीची झाडं बघा. आपल्या भिरंडाच्या कुळातली! सालीपासून पिवळा रंग काढतात, बिनगाता या तिथल्या रंगीत नक्षीच्या कापडासाठी.

मावळतीचा
भिरंड म्हणजे कोकम ना?

पडवीकर
कोकम म्हणजे सुकवलेली साल. झाड आणि फळ रातांबा.

मांडवीकाठ
आमच्याकडे झाडही भिरंड, फळही भिरंड. वाळवलं की सोलं.

शुद्धमती
आमसूल.

पडवीकर
आमसूल घाटावर. फुकुगीची सोलं होतात का, ते कुणी सांगेल का?

चिमटा
फळं वटवाघळं खातात एवढं वाचलंय. सोलकढी त्यांना विचारा.

शुद्धमती
'वटवाघूळ'ची व्युत्पत्ती मात्र मजेशीर आहे. त्यातला 'वट' वडाचा असावा असं मला कायम वाटत आलंय.

नानबा
वडाचा काय संबंध? आमच्या गावातली सगळी पिंपळावर.