‘वाचलंच पाहिजे’ म्हणणं बंद करायचं का?

पानखूण

एखादं पुस्तक आवडलं की आपण काय करतो? मुखपृष्ठाचा फोटो, खाली ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’, एक बदाम. झालं. पुस्तक कशाबद्दल आहे, कोणाला झेपेल, कोणाला अजिबात झेपणार नाही, याचा पत्ताच नाही. आणि चुकून कोणी ‘सध्या काय वाचू?’ विचारलं की नावांचा नुसता पाऊस. विचारणारा ‘सगळ्यांचे आभार, यादी करून ठेवतो’ म्हणतो. ती यादी तशीच राहते, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि विचारणाऱ्यालाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तुम्हाला काय आवडलं ते खुशाल सांगा, भरभरून सांगा. पण ‘तू वाच’ म्हणायचं असेल तर आधी समोरच्याने विचारलेलं असावं, आणि आपण त्याला निदान दोन प्रश्न विचारलेले असावेत. नाहीतर नुकसान पुस्तकाचंच होतं. २०१४ मध्ये बलाझ कोवाच आणि अमँडा शार्की या संशोधकांनी गुडरीड्सवरचे (वाचक जिथे पुस्तकांना गुण आणि अभिप्राय देतात ते संकेतस्थळ) हजारो अभिप्राय तपासले. एका बाजूला मोठी पारितोषिकं मिळालेली पुस्तकं, दुसऱ्या बाजूला अंतिम यादीत येऊन हुकलेली. पारितोषिक जाहीर झाल्यावर विजेत्यांचे वाचक वाढले, पण त्यांचे सरासरी गुण हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरले. मोठं कारण हे की ज्यांच्या पठडीतलं ते पुस्तक नव्हतंच, तेही नाव ऐकून आले आणि वैतागले. ‘प्रत्येकाने वाचा’चा परिणाम हा असा होतो.

कपाटातली वाळवी

साफ असहमत.

अहो, दोन प्रश्न विचारून मग पुस्तक द्यायला आपण काय दवाखाना उघडलाय? माझी आवडती पुस्तकं आठवून बघतो तेव्हा बहुतेक सगळी न मागता आलेली आहेत. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? ‘रहस्यकथा आवडतात, चरित्रं नकोत.’ मग आयुष्यभर रहस्यकथाच मिळाल्या असत्या. कोणीतरी आगाऊपणा करून एका गणितज्ञाचं चरित्र हातात कोंबलं आणि एक वेगळंच दालन उघडलं. माणसाला काय आवडेल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, तर दोन प्रश्नांत तुम्हाला काय कळणार?

शिवाय आवडीप्रमाणे देणं हे काम आता मशीन करतंच की. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं.’ ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी ही पद्धत कशी चालते ते २००३ मध्येच मांडलं होतं: वस्तूला वस्तू जोडायची, कोणत्या दोन गोष्टी एकाच माणसाकडून घेतल्या जातात ते मोजायचं. उत्तम चालतं. पण ते तुम्हाला तुमच्या गल्लीतच फिरवतं. गल्लीबाहेर खेचायला एखादा उत्साही आगाऊ माणूसच लागतो.

आणि त्या अभ्यासाबद्दल. सरासरी पडली म्हणून पुस्तकाचं काय बिघडलं? वाचक वाढले ना? त्यातले काही वैतागले, काहींना नव्याने काहीतरी गवसलं असेल. गुण सांभाळायला पुस्तक म्हणजे काय दहावीचा विद्यार्थी नव्हे.

निशाचर

वाळवी, बोलायला सोपं आहे. माझं ऐका.

बाळ लहान असताना मी विचारलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं की रात्री बाळाला पाजताना एका हाताने मोबाइलवर वाचते, दर दहा मिनिटांनी थांबावं लागतं, प्रकरणं छोटी हवीत आणि लहान मुलांना काही होतं असलं काही नको. उत्तरं काय आली? आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, ‘मोठी आहे पण घ्याच’. एक तत्त्वज्ञानावरचं. आणि एका बाईंनी अतिशय प्रेमाने सुचवलेली कादंबरी, जिच्यात चौथ्याच प्रकरणात मूल दगावतं. मी ते पहाटे तीनला वाचलं. त्यानंतर बरेच दिवस काहीच वाचलं नाही.

कामाचं उत्तर एकच आलं. कोणाच्या तरी पत्रांचा संग्रह. एक पत्र दीड-दोन पानांचं, कुठूनही उघडा, कुठेही थांबा, मागचं आठवत नसलं तरी अडत नाही. सुचवणाऱ्याने पुस्तकाची थोरवी सांगितलीच नव्हती. ‘तुमच्या दहा मिनिटांत एक पत्र बसेल’ एवढंच लिहिलं होतं.

कपाटातली वाळवी

निशाचरताई, तुम्ही सांगताय तो प्रश्न न वाचता उत्तर देण्याचा दोष आहे. त्याला माझाही विरोध आहे. तुम्ही तर विचारलं होतं! पानखूण म्हणतायत की विचारल्याशिवाय बोलूच नका. दोन्ही गोष्टींची मोट बांधू नका.

ग्रंथपाल (निवृत्त)

मी उभी हयात लोकांना पुस्तकं काढून देण्यात घालवली, तेव्हा दोन शब्द.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पानखूण दुसऱ्या नियमाच्या बाजूने भांडतायत, वाळवी तिसऱ्याच्या. दोन्ही नियम एकाच माणसाने एकापाठोपाठ लिहिलेत, हे ध्यानात घ्या. आणि चौथ्या नियमाबद्दल कोणी बोलतच नाही: वाचकाचा वेळ वाचवा. त्यात मात्र नावांचा पाऊस पार नापास होतो.

प्रश्न विचारण्याबद्दल. ‘कोणता लेखक आवडतो?’, ‘कोणता प्रकार आवडतो?’ हे प्रश्न निरुपयोगी. वाचक परीक्षेला बसल्यासारखा थोरामोठ्यांची नावं घेतो. त्याऐवजी म्हणावं, ‘शेवटचं जे आवडलं ते मला सांगा’, आणि गप्प बसून ऐकावं. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी याची छान मांडणी केली आहे. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायची दारं चार: कथानक, पात्रं, स्थळ-काळ आणि भाषा. प्रत्येक वाचकाचं एखादं दार मोठं असतं. माणूस पुस्तकाबद्दल बोलायला लागला की ते आपोआप कळतं.

एक बाई एका खुनाच्या कादंबरीबद्दल माझ्याशी बोलत होत्या. बर्फाने रस्ते बंद झालेलं गाव, खिडकीला लावलेली जाड गोधडी, सगळे एकाच शेगडीभोवती बसलेले, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. खून कोणी केला ते त्यांना आठवेना! त्यांना आणखी खुनाच्या कादंबऱ्या दिल्या असत्या तर तीन दिवसांत परत आल्या असत्या. मी एक ध्रुवप्रदेशातल्या मोहिमेचं प्रवासवर्णन दिलं. मशीनला ‘रहस्यकथा’ एवढंच दिसलं असतं.

पानखूण

ग्रंथपाल काका, मी दोन प्रश्न म्हणतेय ते हेच.

वाळवी, तुमचं गणितज्ञाचं चरित्र ‘हातात कोंबणारा’ माणूस तुम्हाला ओळखत होता की नाही? रहस्यकथेतला कोडी सोडवण्याचा भाग तुम्हाला आवडतो हे त्याने हेरलं असणार. तो आगाऊपणा नव्हता, त्याने तुमच्यावर बारीक नजर ठेवली होती.

कपाटातली वाळवी

छे. त्याच्याकडे त्या चरित्राच्या दोन प्रती होत्या.

आकडेमोड

दोघांचीही गाडी भलत्याच रुळावर आहे. न विचारता सुचवणं हा प्रॉब्लेमच नाही. इतरांनी काय सुचवलं ते पाहून मग सुचवणं, हा आहे.

सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ चा प्रयोग बघा. १४ हजारांहून जास्त लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काहींना फक्त गाणी ऐकवली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं आणि प्रत्येक जगात आधीच्यांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं ते दाखवलं. आकडे दिसायला लागले की गाजलेली गाणी जास्तच गाजली, पडलेली जास्तच पडली. गंमत म्हणजे वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गाणी वर गेली. उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा वर आलं नाही, पण मधलं काहीही कुठेही.

पुस्तकांचं तेच. कुठेही ‘आवडतं पुस्तक सांगा’ म्हणा, तीच दहा-पंधरा नावं. ती वाईट आहेत असं नाही. पण पहिल्या तिघांनी लिहिली म्हणून चौथ्याला आठवली आणि चौथ्याने लिहिली म्हणून पाचव्याला धीर आला. उपाय सोपा आहे: दुसऱ्यांची उत्तरं वाचण्याआधी आपलं नाव कागदावर लिहा, मग बघा. नाव आधीच आलं असेल तर दुसरं सांगा. एवढ्याने निम्मी यादी बदलेल.

अर्धविराम

+१, पण आवडतं पुस्तक ते आवडतं. आधीच कोणी सांगितलं म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकाचं का सांगू? पुरस्कार वाटतोय की प्रामाणिक उत्तर देतोय?

थोडं अवांतर. सुचवणाऱ्यांना एकच हात जोडून विनंती. ‘शेवटची वीस पानं हादरवून टाकतात’ असं लिहू नका हो. काय होतं ते सांगितलं नाही म्हणून तुम्ही साळसूद, पण मी पहिल्या पानापासून शेवटाकडेच डोळे लावून बसतो. ज्या पात्राकडे लेखकाने दुर्लक्ष करायला लावलंय, नेमका त्याच्यावरच संशय.

आकडेमोड

@अर्धविराम, लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांचा २०११ चा प्रयोग. बारा लघुकथा, काहींना शेवट आधीच सांगितलेला. सरासरीने लोकांना त्या कथा कमी नाही, किंचित जास्तच आवडल्या. कलाटणीच्या कथासुद्धा.

अर्धविराम

लघुकथा! अर्ध्या तासात संपणारी. चारशे पानं वाट बघायला लावा आणि मग विचारा. सरासरी माणसाचं सरासरी माणसाने बघावं, मला शेवट सांगू नका.

निशाचर

सुचवण्यापेक्षा त्यानंतरची वसुली जास्त भयंकर असते, त्यावरही बोलूया. ‘वाचलंस का?’ ‘कुठपर्यंत आलीस?’ ‘ते घराला कुलूप लावतात तिथपर्यंत आलीस का?’ आणि नाही आवडलं म्हटलं की चेहरा असा पडतो जणू मी त्यांच्या घरच्यांना नावं ठेवली. माझी एक मैत्रीण पुस्तक देते आणि परत त्याचा विषयच काढत नाही. तिने दिलेली जवळजवळ सगळी मी वाचली आहेत.

ग्रंथपाल (निवृत्त)

हे अगदी खरं. सोडून द्यायची मुभा नसेल तर सुचवणं म्हणजे गृहपाठ होतो. पर्लबाईंचा त्यावरही एक नियम आहे: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर खाली ठेवा. आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करून जो आकडा उरेल तेवढीच पानं. माझा निकाल आता तीसच्या आत लागतो. दरवर्षी एक पान कमी होतं, त्याचा मला आनंदच आहे.

आणखी एक, जे पुस्तकप्रेमींच्या लक्षातच येत नाही. पुस्तक कोणत्या रूपात द्यायचं तेही सांगा. मनगट दुखणाऱ्याला हजार पानांचा कडक बांधणीचा ग्रंथ सुचवून काय उपयोग? ज्याची नजर अधू झाली आहे त्याला बारीक टाइपाची जुनी आवृत्ती नको, तेच पुस्तक ऐकण्याच्या स्वरूपात आहे का ते बघा. काही पुस्तकं ऐकायला जास्त छान लागतात. काही मात्र ऐकताना हातातून निसटतात, विशेषतः ज्यांत काळ पुढे-मागे जातो.

पानखूण

चर्चा छान चालली आहे. माझ्या म्हणण्यात एक भर घालते: न मागता सुचवायचंच असेल तर ‘हे कोणी वाचू नये’ तेही लिहा. ‘पहिली साठ पानं फार संथ आहेत, नावं पुष्कळ, वंशावळ शेवटच्या पानावर आहे ती आधी बघा, आणि ज्याला संवाद हवेत त्याने वाटेला जाऊ नये.’ एवढं लिहिणाऱ्याचं मी काहीही वाचीन. बदामाचं चिन्ह टाकणाऱ्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

कपाटातली वाळवी

हे मान्य. ‘कोणी वाचू नये’ वाचून तर मी हमखास वाचेन, पण ते असो. दोन प्रश्नांची अट मात्र मला अजूनही जाच वाटते.

तरी काका, प्रयोग म्हणून तुमच्या हातात सापडतो. सध्या काही वाचायला मन लागत नाहीये. विचारा काय विचारायचं ते.

ग्रंथपाल (निवृत्त)

आवडलेलं नको. शेवटचं अर्धवट टाकलेलं कोणतं, आणि कुठे टाकलंत?

कपाटातली वाळवी

नाव सांगत नाही, इथे तीन जणांनी सुचवलेलं आहे. दीडशेव्या पानाच्या आसपास. नायक पत्र लिहायला बसतो आणि चाळीस पानं उठतच नाही.

ग्रंथपाल (निवृत्त)

आणि पत्रात काय होतं ते आठवतंय का?

कपाटातली वाळवी

शब्दन् शब्द. तोच तर वैताग आहे.

ग्रंथपाल (निवृत्त)

मग पुस्तक बदलू नका. पान एकशे नव्वदपासून पुढे वाचा.