नवरा पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. नेमकं कशातून लागतं?

अनामिका_सोलापूर
नाव लिहीत नाही, समजून घ्या. वय ३१. गेल्या वर्षी नवऱ्याला टीबी निघाला, तेव्हाच रक्तात एचआयव्हीही सापडला. माझी तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. टीबीचा कोर्स संपलाय. एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या उपचाराची) रात्रीची एक गोळी त्यांना चालू आहे, एकही चुकवलेली नाही.

एका खाजगी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "त्यांचं काहीही अंगाला लागू देऊ नका." तेव्हापासून ह्यांनी स्वतःच्या ग्लासाला बुडाशी लाल नेलपेंटचा ठिपका लावलाय. साबण वेगळा, टॉवेल वेगळा. झोपतात बाहेरच्या खोलीत. सासूबाईंना फक्त टीबीचं माहीत आहे. महिन्यापूर्वी जवळ आलो आणि निरोध निसटला. मी घाबरून आतून साबणाने धुतलं, चादर उकळत्या पाण्यात टाकली. "काहीही" म्हणजे काय काय? थुंकी, घाम, वीर्य, सगळं सारखंच का? आणि शेवटच्या कागदावर "टीएनडी" लिहिलंय, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही.

विजय_प
ताई, थुंकीतही विषाणू सापडतो असं वाचलंय. भांडी वेगळीच ठेवलेली बरी.

समुपदेशक_१४वर्षं
विजयभाऊ, सापडतो हे खरं, पण अगदी थोडा. शिवाय लाळ पाण्यासारखी पातळ असते, तिच्यात विषाणू वाहणाऱ्या पेशी फुटून जातात आणि विषाणूला अडवणारी प्रथिनंही असतात. उष्ट्या ग्लासातून एचआयव्ही लागत नाही. ताई, तो ठिपका आजच पुसायला सांगा. घाम, अश्रू, लघवी यांनीही लागत नाही. चादरीवर वाळलेल्या डागाने तर नाहीच, नेहमीसारखी धुवा.

मी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, बसते. समोर बसलेल्या जोडप्याला आधी हेच सांगते, की पुरेसा विषाणू असलेला स्राव हवा आणि त्याला आत शिरायला वाट हवी. दोन्ही जुळलं तरच संसर्ग होतो. शरीरसंबंधात असे स्राव म्हणजे रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा चिकट थेंब, योनीतला स्राव आणि गुदमार्गातला स्राव. त्या आधीच्या थेंबातही विषाणू असू शकतो, म्हणून "बाहेर काढलं की झालं" हा हिशेब चुकतो.

आता वाटेचं. योनीत निरोगी जंतू आम्ल तयार करतात, त्या आंबटपणात विषाणू टिकत नाही. पण वीर्य अल्कधर्मी असतं, ते काही तास तो आंबटपणाच मोडून टाकतं. शिवाय वीर्य आत बराच वेळ राहतं आणि बाईच्या आतल्या अस्तराचा पसारा मोठा. उपचार नसताना, निरोध नसताना, दर १०,००० संबंधांमागे पुरुषाकडून बाईला साधारण ८ वेळा आणि बाईकडून पुरुषाला ४ वेळा लागण होते असा अंदाज आहे. गुदमैथुनात आत घेणाऱ्याला १३८ वेळा, कारण तिथलं अस्तर एकाच थराचं, नाजूक. हे आकडे ऐकून "एकदा काय होतंय" म्हणू नका. एकदाच संबंध येऊन लागण झालेली माणसंही माझ्यासमोर बसलेली आहेत.

आणि आकडा एका जागी थांबत नाही. लागण ताजी असताना, पहिल्या काही आठवड्यांत, स्रावात विषाणू भरमसाट असतो. गुप्तरोग असेल तरी तेच. मलावीत १९९७ मध्ये मूत्रमार्गाची सूज असलेल्या पॉझिटिव्ह पुरुषांच्या वीर्यात ८ पट विषाणू सापडला होता, सूज बरी केल्यावर तो उतरला. म्हणून अंगावरून पांढरं जात असेल, खाज किंवा फोड असेल, तर लाजून बसू नका, दाखवा. आतून साबण, डेटॉल कधीच नको. निरोगी जंतू मरतात, अस्तर सोलवटतं, आपणच वाट मोकळी करून देतो. निरोधाला खोबरेल तेलही लावू नका, रबर कमकुवत होऊन फाटतं.

टीएनडी म्हणजे टार्गेट नॉट डिटेक्टेड. रक्तात यंत्राला विषाणू सापडलाच नाही. गोळीने रक्तातला विषाणू दाबला की वीर्यातलाही दबतो. २०११ साली ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. लवकर गोळ्या सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढे युरोपात विषाणू दबलेल्या जोडप्यांचे निरोधाशिवायचे सुमारे ५८,००० संबंध मोजले. त्या जोडीदाराकडून लागण झालेला एकही नाही. गोळी नियमित आणि विषाणू दबलेला राहिला, तर संबंधातून तुम्हाला लागण होत नाही. निसटलेल्या निरोधाची भीती सोडा. तुमची नेहमीची तपासणी मात्र चालू ठेवा. (विषाणू दबलेला नसता, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन २८ दिवसांच्या गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या, वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते.)

सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. संमतीशिवाय दवाखान्याने कुणाला सांगायचं नाही, असा २०१७ चा कायदाच आहे.

एक_पॉझिटिव्ह_भाऊ
माझ्या लग्नाला ११ वर्षं झाली, बायको निगेटिव्ह. सुरुवातीला मीही वेगळा झोपायचो. ती एक दिवस माझ्याच ताटात जेवायला बसली, मला हात धुवायलाही उठू दिलं नाही. वहिनी, त्यांना सांगा, राखायची ती गोळीची वेळ. मी रात्री ९ चा गजर लावतो.

अनामिका_सोलापूर
ताई, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग ग्लास घेऊन मोरीत गेले आणि नखाने तो रंग खरवडत बसले. नंतर हळूच विचारलं, "मग लेकराचं जमेल का?"

समुपदेशक_१४वर्षं
जमेल. आधी एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोला, ते त्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अजून दबलेलाच आहे ना ते बघतील आणि तुम्हाला कोणत्या दिवसांत प्रयत्न करायचा ते सांगतील. दोघांची गुप्तरोगाची तपासणीही तेव्हाच करून घ्या. तोपर्यंत निरोध चालू ठेवा. काही अडलं तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. जाताना दोघंही जा, आणि टीएनडीचा तो कागद सोबत ठेवा.