संजय गांधी योजनेतून श्रावणबाळ योजनेत वर्ग झाल्यानंतर दिव्यांग आत्याच्या अर्थसहाय्यात घोळ : दाद कोठे मागावी?

वर्धाकाठ

नमस्कार. माझी आत्या अस्थिव्यंग असून तिच्या प्रमाणपत्रावर ५५ टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्व नोंदलेले आहे. तिला अनेक वर्षांपासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा अर्थसहाय्य मिळत होते आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांची रक्कम १५०० वरून २५०० रुपये झाली तेव्हा तिलाही वाढीव रक्कम मिळू लागली. तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९६१ ही जन्मतारीख आहे. त्यामुळे यंदाच्या जानेवारीत कागदोपत्री तिला ६५ वर्षे पूर्ण झाली आणि तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत वर्ग केल्याचे आम्हाला तोंडी सांगण्यात आले.

त्यानंतर जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन महिन्यांचे काहीच जमा झाले नाही. मार्चपासून दरमहा आधी २०० रुपये आणि काही दिवसांनी १३०० रुपये येतात, म्हणजे एकूण १५००. बँकेत विचारले तर “यादी तहसीलमधून येते, तिकडे विचारा” असे सांगतात. तहसील कार्यालयात विचारले तर “आता पैसे डीबीटीने, म्हणजे शासनाकडून थेट खात्यात जातात, बँकेत विचारा” असे उत्तर मिळते. सेतू केंद्रातील एका गृहस्थांनी सगळे सोडून श्रावणबाळसाठी दिव्यांग म्हणून नवा अर्ज भरण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे काय? बुडालेले दोन महिने मिळू शकतात काय? आणखी एक बाब सांगायला हवी, ती म्हणजे गेल्या वर्षी गावातील एका शिबिरात आत्याचे एका पेमेंट बँकेत खाते उघडले गेले होते आणि तेथे तिच्या बोटाचे ठसे घेतले होते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

निवृत्त अव्वल कारकून

सर्वप्रथम, नवा अर्ज करू नका. नव्या अर्जाला नवी मंजुरी लागते आणि लाभ त्या मंजुरीपासून पुढे सुरू होतो, त्यामुळे मागील महिन्यांवरचा आपला हक्क आपणच सोडून दिल्यासारखे होते. शिवाय एकाच आधार क्रमांकावर दोन नोंदी झाल्या की दोन्ही तपासणीत अडकतात. आपले प्रकरण मंजूर आहे, ते चुकीच्या पद्धतीने वर्ग झाले आहे. तेव्हा अर्ज करायचा तो नोंद दुरुस्तीचा.

आपण दिलेल्या आकड्यांवरूनच बराच उलगडा होतो. २०० रुपये हे केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेचे आहेत. ते दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तींना मिळतात. १३०० रुपये ही राज्याने श्रावणबाळमधून घातलेली भर आहे. याचा अर्थ आत्याबाईंचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे आणि त्यांना श्रावणबाळच्या गट (अ) मध्ये घेतलेले आहे. दोन रकमांचा निधी वेगवेगळा असल्याने त्या वेगवेगळ्या दिवशी जमा होतात. पहिली आली की “फक्त २०० आले” म्हणून पुष्कळ वृद्ध घाबरून जातात. त्यात चूक काही नाही.

चूक आहे ती एकूण रकमेत. दिव्यांगांच्या अर्थसहाय्यात १००० रुपये वाढ करण्याचा सप्टेंबर २०२५ मधील निर्णय संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील दिव्यांगांसाठी होता. ६५ वर्षे पूर्ण झाली म्हणून दिव्यांगत्व संपत नाही आणि वाढीव रकमेचा हक्कही संपत नाही. पण संजय गांधी योजनेत लाभार्थी कोणत्या कारणाने पात्र आहे, म्हणजे दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी की आणखी काही, हा प्रवर्ग नोंदवल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नसे. श्रावणबाळमध्ये वय हेच पात्रतेचे कारण असल्याने वर्ग करताना वयाचा पुरावा पाहिला जातो आणि दिव्यांगाची नोंद मागे राहून जाते. १ जानेवारी ही आधारवरील सर्रास आढळणारी जन्मतारीख असल्याने वर्षारंभी अशी प्रकरणे एकगठ्ठा वर्ग होतात, आणि गठ्ठ्यात काम झाले की असे घडते.

बुडालेल्या दोन महिन्यांबद्दल तीन शक्यता आहेत. जुन्या यादीतून नाव काढले पण नव्या यादीत घेतले नाही, ही पहिली आणि सर्वांत नेहमीची. दुसरी अशी की नाव नव्या यादीत होते, परंतु सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (सरकारी हिशेबातील स्वतंत्र खात्यांतून) येतो, त्यात प्रवर्ग चुकल्याने त्या महिन्याच्या देयकात ते बसले नाही. तिसरी म्हणजे पैसे निघाले, पण बँकेच्या टप्प्यावर नाकारले गेले. यांपैकी काय झाले हे कळल्याशिवाय कोणाशीही वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणून तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या आणि त्यात तीनच गोष्टी मागा : योजना बदलल्याच्या आदेशाची प्रत, जानेवारी व फेब्रुवारीच्या दोन्ही योजनांच्या यादीत नाव होते की नाही याचे उत्तर, आणि डीबीटी पोर्टलवर त्या महिन्यांच्या व्यवहाराची स्थिती. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, तर श्रावणबाळची सर्वसाधारण मर्यादा २१,००० आहे. वर्ग करताना नवा उत्पन्नाचा दाखला मागितला गेला असेल, तर कोणती मर्यादा लावली हेही त्याच अर्जात विचारून ठेवा.

काउंटरपलीकडून

मी बँकेत काम करतो, त्यामुळे पेमेंट बँकेच्या खात्याबद्दल लिहितो.

पूर्वी तहसील कार्यालय देयक मंजूर करून खाते क्रमांकांची यादी आणि रक्कम बँकेकडे पाठवत असे. डिसेंबर २०२४ पासून या योजनांचे पैसे डीबीटी पोर्टलवरून आधार क्रमांकाच्या आधारे जातात. त्यामुळे शाखेकडे आता यादी येतच नाही आणि आमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला दिलेले उत्तर जुन्या सवयीचे होते. आधारवरून जाणारा पैसा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत त्या आधारशी शेवटी जी बँक जोडली गेली असेल तिकडे वळतो. पासबुकवर “आधार लिंक आहे” असा शिक्का असला तरी त्याचा अर्थ ग्राहकाची ओळख पटवली आहे इतकाच असू शकतो. डीबीटीसाठी खाते जोडणे, ज्याला आम्ही सीडिंग म्हणतो, ही वेगळी संमती आहे आणि एका वेळी ती एकाच बँकेसाठी चालते. शिबिरात ठसा घेताना ही संमतीही घेतली गेली असेल, तर जोडणी गुपचूप तिकडे सरकते.

हे तपासायला कोणाच्या पाया पडावे लागत नाही. आधारच्या संकेतस्थळावर, अर्थात ‘माय आधार’वर, आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तेथे बँकेचे नाव, जोडणी चालू की बंद, आणि ती शेवटची कधी बदलली याची तारीख दिसते. ती तारीख जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपासची असेल तर उत्तर तेथेच आहे. पेमेंट बँकेचे नाव दिसले तर आधी त्या खात्याचा उतारा काढा, कारण पैसे बुडालेले नसून तेथे पडून असण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर नेहमीच्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि सध्या जोडलेल्या बँकेचे नाव त्यात लिहा. बदल नोंदला गेल्याचे संकेतस्थळावर दिसेपर्यंत जुने खाते बंद करू नका, नाहीतर मधल्या काळातील रक्कम परत जाते.

मात्र मार्चपासूनचे पैसे आपल्या नेहमीच्या खात्यात येत असतील, तर जोडणी आज तरी बरोबर आहे आणि दोष माझ्या मते यादीतच आहे.

समान संधी

मी स्वतः दिव्यांग असून अशा प्रकरणांत इतरांना मदत करतो. वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, तरी दोन मुद्दे राहिले आहेत.

पहिला दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजेच यूडीआयडीचा. वाढीव रक्कम मिळण्यासाठी पोर्टलवर लाभार्थीच्या नोंदीत यूडीआयडी क्रमांक असावा लागतो. आत्याबाईंना ऑक्टोबरपासून २५०० मिळत होते, त्या अर्थी तो क्रमांक जुन्या नोंदीत होता. नव्या नोंदीत तो आलेला नाही. जुने कागदी प्रमाणपत्र कितीही खरे असले तरी त्याची छायाप्रत जोडून काम होत नाही, ओळखपत्राची प्रत लागते. ज्यांच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व तात्पुरते असा शेरा आहे त्यांनी वैधतेची तारीख पाहून ठेवावी. मुदत संपली असेल तर स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करून शासकीय रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्यात वेळ जातो. आत्याबाईंचे कायमस्वरूपी असल्याने तो प्रश्न येत नाही. मात्र ओळखपत्रावरील नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळते का, हे अवश्य पाहा. माहेरचे आडनाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, हा प्रकार स्त्रियांच्या बाबतीत फार आढळतो.

दुसरा मुद्दा दाद मागण्याचा, आणि येथे माझे अव्वल कारकून साहेबांशी थोडे मतांतर आहे. अर्ज देऊन वाट पाहावी हे ठीक, परंतु अपंग व्यक्तीच्या औषधपाण्याचा खर्च वाट पाहत नाही. अर्जाची पोच हाती आली की लगेच तालुक्याच्या लोकशाही दिनाची, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवसाची, तयारी करावी. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. ‘आपले सरकार’ पोर्टलवरील तक्रारही समांतर नोंदवावी. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेची तक्रार असली तरी दिव्यांगत्वामुळे हक्क नाकारला जात आहे, असे दिसल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने त्यांना तो अधिकार दिलेला आहे.

निवृत्त अव्वल कारकून

मतांतर मान्य आहे, परंतु लोकशाही दिनात गेलेला अर्ज शेवटी त्याच नायब तहसीलदारांच्या टेबलावर येतो. आदेशाची प्रत हाती नसेल तर तेथे “चौकशी करून कळवितो” एवढेच उत्तर मिळते आणि महिना निघून जातो. म्हणून आधी प्रत, मग तक्रार. माहिती द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागावी.

तिसरी घंटा

याच धाग्यात विचारते, कारण प्रश्न जवळचा आहे. माझी भावजय दिव्यांग असून ४८ वर्षांची आहे. तिला संजय गांधी योजनेचे पैसे मिळतात आणि २०२४ मध्ये कोणीतरी तिचा लाडकी बहीण योजनेचाही अर्ज भरला होता. काही महिने दोन्ही रकमा आल्या आणि मग लाडकी बहीणचे बंद झाले. आता संजय गांधीचेही बंद होईल, अशी भीती घरात आहे.

समान संधी

लाडकी बहीण योजनेत, शासनाच्या अन्य योजनेतून दरमहा १५०० किंवा त्याहून अधिक रक्कम मिळणारी महिला मुळातच पात्र नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये संजय गांधी योजनेच्या २ लाख ३० हजार लाभार्थी महिला याच कारणाने वगळल्या गेल्या आणि त्यांना तोवर दिलेली रक्कम परत न घेण्याची भूमिका शासनाने त्या वेळी जाहीर केली. म्हणजे जे बंद व्हायचे ते बंद झाले आहे. आपल्याकडून लाडकी बहीणचा लाभ सोडत असल्याचे लेखी कळवून ठेवा आणि संजय गांधीतील दिव्यांग म्हणून असलेली नोंद कोणत्याही परिस्थितीत सोडू नका; तेथे २५०० आहेत, येथे १५००. उलट करण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचे ऐकू नका.

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. संकेतस्थळावर पाहिले असता जोडणी नेहमीच्या बँकेशीच आहे आणि शिबिरातील खात्यात काही जमा झालेले नाही, त्यामुळे तो संशय मिटला. तहसील कार्यालयात पोच घेऊन अर्ज दिला. आदेशाची प्रत मिळाली असून तालुका समितीच्या जानेवारीच्या बैठकीत नाव संजय गांधीतून कमी केल्याचे त्यात आहे. श्रावणबाळमधील मंजुरी मात्र मार्चपासून दाखवलेली आहे. यूडीआयडीची प्रत पुन्हा घेतली आणि पुढील देयकात २५०० प्रमाणे नोंद करू, असे सांगितले. थकबाकीबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत प्रत्येकी १००० रुपये कमी आले, तेही थकबाकीतच धरायचे ना?

निवृत्त अव्वल कारकून

होय, पण दोन्ही मागण्या वेगळ्या लिहा. मार्चपासूनची १००० रुपयांची तफावत ही मंजूर लाभार्थीला कमी दिलेली रक्कम आहे. ती फरकाने देण्यात कार्यालयाला अडचण नसावी. जानेवारी-फेब्रुवारीचे ५००० रुपये हा निराळा विषय आहे, कारण त्या दोन महिन्यांत कागदोपत्री त्या कोणत्याच योजनेत नव्हत्या. तेथे आदेशातच दुरुस्ती लागेल, म्हणजे श्रावणबाळमधील मंजुरी नाव कमी केल्याच्या तारखेपासून लागू करावी, असा विषय तालुका समितीपुढे ठेवावा लागेल. आपल्या अर्जाच्या विषयाच्या ओळीत “वर्ग आदेशातील दिनांक दुरुस्त करणेबाबत” असेच लिहा. “थकीत अनुदान मिळणेबाबत” लिहिलेत तर तो अर्ज निधी मागणीच्या फायलीत जाऊन पडेल आणि आदेश तसाच राहील. समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून, त्याआधी अर्ज विषयपत्रिकेवर आला की नाही याची खात्री करा.

आणि फरकाची रक्कम जमा होताना एखाद्या महिन्याचे चुकून दुप्पट आले, तर कोणाच्याही हाती रोख परत करू नका. जादा रक्कम पुढील महिन्यांतून वळती करावी असे लेखी द्या किंवा शासकीय चलनाने भरून चलनाची प्रत जपून ठेवा.