मदत हवी आहे : गावातल्या स्वयंपाकाच्या इंधनाचे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडच्या जंगलपट्ट्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी घरगुती इंधनावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ग्रामसभेत ती वाचली जातील, त्यावरून मागणी ठरेल. म्हणून आकड्यांचा अर्थ नीट लागायला हवा.

हाताशी तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचा मेळ बसत नाही.

२०११ च्या जनगणनेत गावनिहाय इंधन मिळतं, पण उज्ज्वला योजना आली मे २०१६ मध्ये. त्यामुळे ते आकडे ‘आधीची स्थिती’ म्हणूनच घेतोय.

दुसरं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५. त्यात राज्यातली जवळपास ८० टक्के घरं स्वच्छ इंधनावर, म्हणजे वीज, गॅस किंवा बायोगॅसवर दिसतात. जिल्ह्याचा आकडाही आहे, पण नमुना जिल्ह्यापुरता असल्याने तो गावाला लावता येत नाही, एवढं कळतं. अडचण वेगळीच आहे. प्रश्न ‘मुख्यतः कोणतं इंधन’ असा आहे. आमच्याकडे चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. हे घर कुठे धरायचं? शिवाय उत्तर महिन्यागणिक बदलतं. कापूस-तूर निघाली की पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग लागतात, तेव्हा सिलिंडर कोपऱ्यात पडून असतं. पावसाळ्यात सरपण ओलं, मग गॅस.

तिसरं, गॅस एजन्सीने नावं न सांगता दिलेली कनेक्शनची संख्या आणि वर्षभरातल्या सिलिंडरांची बेरीज. कनेक्शन भागिले घरं केलं की चित्र फारच छान दिसतं, आणि मला तिथेच भीती वाटते. विभक्त झालेल्या भावांचं कनेक्शन एकच आहे, काही कनेक्शनवाले कामाला बाहेरगावी गेलेत. सरासरीही फसवते : पाच घरांनी वर्षाला आठ-आठ सिलिंडर घेतले आणि पाच घरांनी एकही नाही, तरी सरासरी चारच येते. गरज त्या दुसऱ्या पाच घरांची आहे आणि तीच कागदावरून गायब होतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं अशी व्याख्या होती की घर पुरेसं उबदार ठेवण्यासह ऊर्जेवर उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च लागत असेल, तर ते घर इंधन-गरीब. ही मोजपट्टी इथे लावली तर जंगलातून मोळी आणणाऱ्या बाईचा खर्च शून्य, म्हणजे ती गरीब नाहीच! तिची अर्धी सकाळ, डोक्यावरचं ओझं, वाघाचं भय, घरातला धूर, यातलं काहीच रुपयात येत नाही. माझ्या मते आराखड्यात हेच आधी यायला हवं.

घरोघरी छोटी पाहणी करायचं ठरतंय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगावं :

शेवटचं सिलिंडर कधी आणलं, हे विचारणं पुरेसं आहे की वर्षाचे सिलिंडर गटवार (एकही नाही, एक ते तीन, त्याहून जास्त) मांडावेत? सरपणाचा वेळ बायकांना तासांत विचारला तर उत्तर भरवशाचं येतं का, की आठवड्यातल्या फेऱ्या विचाराव्यात? आणि पाहणी एकदाच शक्य असेल, तर कोणत्या महिन्यात करावी? घरातल्या कर्त्या पुरुषाऐवजी स्वयंपाक करणारीलाच विचारायचं, एवढं मात्र आम्ही पक्कं केलंय.